गच्चीवर विंच बसवताय? आधी ती कशाला टांगताय ते बघा

एप्रिल-मे आला की गिरगाव, परळ, दादरच्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर वॉटरप्रूफिंगची कामं निघतात. पावसाआधी कोबा उरकायचा असतो. लिफ्ट एकतर नसते, नाहीतर सोसायटी तिच्यातून रेती चढवू देत नाही. डोक्यावर घमेलं घेऊन चार जिने चढणारी माणसं मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत. मग कंत्राटदार छोटी इलेक्ट्रिक विंच, म्हणजे ड्रमवर तारेचा दोर गुंडाळून माल वर खेचणारं यंत्र, आणतो: घरगुती विजेवर चालणारी, पंधरा-वीस किलो वजनाची, दोन बटणांचा रिमोट लोंबणारी. कुणी तिला मिनी होइस्ट म्हणतं, कुणी मिनी क्रेन.

बटण दाबायला कुणीही दहा मिनिटांत शिकतो, त्यावर मी फार लिहिणार नाही. या कामात यंत्र स्वतः मोडल्याची उदाहरणं कमीच. यंत्र ज्याला टांगलंय तो पाइप वाकतो, मालाची गाठ सुटते, किंवा माल आत घ्यायला वाकलेल्या माणसाचा तोल जातो. म्हणून नवीन माणसाने शिकायला सुरुवात यंत्राच्या आजूबाजूपासून करावी.

पाटीवरचे आकडे नीट वाचा

विंचच्या अंगावर पत्र्याची पाटी असते. तिच्यावर '१२५/२५०' किंवा '२५०/५००' असं किलोमध्ये लिहिलेलं असतं. दुकानदार मोठा आकडा सांगून विकतो. खरा हिशोब असा, की दोर ड्रमवरून सरळ खाली येऊन हुकाला लागला असेल तर लहान आकडा लागू. मोठा आकडा तेव्हाच, जेव्हा दोर सोबत मिळालेल्या कप्पीतून फिरवून त्याचं टोक परत यंत्राच्या अंगाला अडकवलेलं असतं. तसं केलं की ताकद दुप्पट होते, पण उचलायची उंची निम्मी होते आणि वेगही निम्मा. १२ मीटर दोराची विंच दुहेरीत फक्त ६ मीटर उचलते. तळमजला अधिक तीन मजल्यांची गच्ची सहज १२ मीटरच्या वर जाते, जुन्या चाळींचे मजले उंच असल्याने आणखी थोडी वर. म्हणजे आपल्या गच्चीच्या कामाला दोर एकेरीच लागणार आणि लहान आकडाच धरायचा. दोरही १२ मीटरचा पुरणार नाही, १८-२० मीटरचा किंवा त्याहून लांब हवा.

पाटीवर आणखी एक ओळ असते, ती कुणी वाचत नाही: 'एस ३, २० टक्के, १० मिनिटं'. याचा अर्थ दर दहा मिनिटांत मोटर एकूण दोनच मिनिटं चालवायची, बाकी वेळ तिला थंड होऊ द्यायचं. एकेरी दोरावर वेग साधारण मिनिटाला ८ मीटर धरा. १२ मीटर वर आणि १२ मीटर खाली, मिळून तीन मिनिटं झाली. म्हणजे तासाला चार फेऱ्या! मुकादमाला हे पटणार नाही, तो वीस फेऱ्या मागेल. वीस फेऱ्या हव्या असतील तर जास्त ड्यूटीची, म्हणजे जास्त वेळ चालू ठेवता येणारी, मोठी विंच भाड्याने घ्यावी. छोटीला पिळलं तर मोटरची वाइंडिंग जळते, आणि जळण्याआधी गरम ब्रेकची पकड ढिली पडते. माल खाली घसरू लागतो तो तेव्हा.

वजनं अंदाजाने धरू नका. सिमेंटची गोणी ५० किलो असते हे सगळ्यांना माहीत असतं. ओली रेती मात्र घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते, आणि दोन बाय दोनच्या चार टाइल्सचा खोका तीस किलोच्या आसपास. '२५०/५००'च्या यंत्रावर एकेरीत मी दीडशेच्या वर जात नाही. सुरुवातीच्या झटक्याला दोरावर मालाच्या वजनापेक्षा जास्त ताण येतो, ती जागा सोडावीच लागते.

गाडी किंवा होडी ओढायची विंच यासाठी वापरू नये. ती आडवं ओढण्यासाठी बनवलेली असते, लटकतं वजन धरून ठेवण्याची तिच्या ब्रेकची जबाबदारी नसते. आणि कुठल्याच मालाच्या विंचवर माणूस बसवायचा नाही. 'एकच मजला, पटकन' असं म्हणणारा पोरगा प्रत्येक साइटवर एक तरी असतोच.

टांगायचं कशाला

इथे वेळ घालवा. यंत्रासोबत येणारा लोखंडी हात एका उभ्या पाइपला दोन क्लॅम्पनी धरून बाहेर फिरतो. समजा माल दीडशे किलो, यंत्र आणि हुक मिळून पंधरा, आणि हात पाऊण मीटर लांब. पाइपच्या मुळाशी वाकवणारा जोर झाला १६५ किलो गुणिले ०.७५ मीटर, म्हणजे सुमारे १२४. पाइप दोन ठिकाणी, एकमेकांपासून एक मीटर अंतरावर धरलेला असेल तर वरचा आधार १२४ किलोच्या जोराने बाहेर खेचला जातो आणि खालचा तेवढ्याच जोराने आत ढकलला जातो. ते अंतर अर्ध्या मीटरवर आणलंत तर जोर अडीचशेच्या जवळ. जुन्या गच्चीचा चार इंची विटांचा कठडा हा जोर सोसत नाही. त्याचं प्लास्टर वरून गुळगुळीत दिसतं, आत चुन्याची भुकटी झालेली असते. कठड्याला पाइप बांधून काम करायचं नाही, कितीही जाड दोरीने बांधला तरी.

मग काय करायचं? उत्तम उपाय म्हणजे पाइप खालच्या स्लॅबपासून वरच्या स्लॅबपर्यंत टेकवून, दोन्हीकडे प्लेट लावून जॅकने आवळायचा. जिन्याच्या डोक्यावरची खोली किंवा पाण्याच्या टाकीखालची जागा असेल तर हे जमतं. जागा उघडी असेल तर मागे वजन ठेवलेली चौकट लागते. तिचा हिशोब सोपा आहे. यंत्रासकट तेच १६५ किलो टेकूपासून पाऊण मीटर बाहेर आणि मागचं वजन टेकूपासून दीड मीटर आत असेल, तर तोल साधायलाच साडेब्याऐंशी किलो लागतात. नुसत्या तोलावर काम करत नाहीत. तिप्पट-चौपट, म्हणजे अडीचशे ते सव्वातीनशे किलो मागे हवेत. हे वजन काँक्रीटच्या ठोकळ्यांचं असावं आणि चौकटीला बोल्टने किंवा साखळीने बांधलेलं असावं. रेतीच्या गोण्या ठेवू नका. गोणी फाटते, रेती गळते. आणि दुपारी रेती कमी पडली की मिस्त्री त्याच गोणीला हात घालतो, हे मी सांगायला नको.

चौकट उभी करायची तो स्लॅबही बघा. खालून प्लास्टर फुगलंय, सळ्या गंजून बाहेर आल्यात, असं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तिथे वजन ठेवू नका. मुंबईतल्या खाऱ्या हवेने खाल्लेल्या जुन्या गच्च्यांमध्ये हे दृश्य नवं नाही.

काही जण विंच खाली जमिनीवर ठेवतात आणि वर फक्त कप्पी टांगतात. यंत्र हाताशी राहतं म्हणून ही रचना सोयीची वाटते. पण वरच्या कप्पीवर एका बाजूने माल खेचतो आणि दुसऱ्या बाजूने विंच खेचते. दीडशे किलोच्या मालाला वरच्या आधारावर तीनशे किलो येतात. शिवाय खालची विंचही उचलली जाऊ नये म्हणून जमिनीला पक्की जखडावी लागते. हिशोब दुपटीने करायची तयारी असेल तरच हा मार्ग धरा.

वीज

मोटर हजार वॉटच्या आसपास असेल तर चालताना साडेचार-पाच अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट. इथेच स्वस्त एक्स्टेंशन दगा देतं. तळमजल्याच्या मीटरपासून गच्चीपर्यंत ३० मीटर वायर नेली, तर वीज जाऊन-येऊन ६० मीटर तांब्यातून जाते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत वीस अँपिअरला ९ व्होल्टच्या आसपास पडतात. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तारेत तीसेक व्होल्ट पडतात, मोटर नुसती गुरगुरते, उचलत नाही आणि तापते. म्हणून तीन तारांची, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि १६ अँपिअरचा प्लग. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात मिळेल, मात्र केबलच्या अंगावर छापलेलं माप वाचून घ्या. रीळवाली केबल असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते.

अर्थिंगची पिन कापलेला प्लग दिसला तर काम तिथेच थांबवा. मध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, आणि त्याचं टेस्ट बटण रोज सकाळी दाबून तो पडतो का ते बघायचं. ओली गच्ची, सिमेंटचे ओले हात आणि लोखंडी पाइप एकत्र आले की शॉकला दुसरं काही लागत नाही.

सकाळची तपासणी

हे सगळं माल न लावता करायचं, पाच-सात मिनिटांत होतं.

हुकाची कडी, म्हणजे तोंड बंद करणारी ती स्प्रिंगची पट्टी, जागेवर परत येते ना ते बघा. मग रिकामा हुक हळूहळू वर घ्या. ड्रमजवळ दोराभोवती एक वजन आणि त्याला जोडलेला दांडा असतो. हुक तिथे लागला की मोटर आपोआप बंद व्हायला हवी. नाही झाली तर त्या दिवशी विंच चालणार नाही. हा लिमिट स्विच आणीबाणीसाठी आहे, रोज त्याच्यावर आदळून थांबायची सवय लावून घेऊ नका.

आता हुक खाली सोडा, अगदी जमिनीपर्यंत. ड्रमवर निदान तीन विळखे उरले पाहिजेत, कारण दोराचं ड्रममधलं टोक एका छोट्या स्क्रूवर असतं आणि खरी पकड या विळख्यांची असते. पुष्कळ यंत्रांना खालच्या बाजूचा लिमिट नसतो. दोर पूर्ण उलगडून ड्रम तसाच फिरत राहिला तर दोर उलट बाजूने गुंडाळायला लागतो. मग 'खाली'चं बटण दाबलं की माल वर जातो, आणि वरचा लिमिट स्विच त्याला थांबवत नाही. शेवटचे पाच-सहा विळखे लाल रंगाने रंगवून ठेवा. लाल दिसला की थांबायचं.

शेवटी ब्रेक. दिवसाचा पहिला माल वीतभर उचलून बटण सोडा आणि तो तसाच दहा-पंधरा सेकंद ठेवा. एक बोटही घसरला तर खाली उतरवा, यंत्र बंद. यातला ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि विजेने सुटतो, त्यामुळे वीज गेल्यावर माल पडत नाही. पण ब्रेकचं अस्तर झिजलेलं असेल तर स्प्रिंगही काही करू शकत नाही.

माल बांधणं आणि उचलणं

रेती-राडारोडा उघड्या घमेल्यात वर पाठवू नका. खोल बादली किंवा कडी जोडलेला ड्रम घ्या आणि काठाखाली चार बोटं जागा ठेवून भरा. विटा फळीवर रचून पाठवणं म्हणजे खाली चालणाऱ्यांवर विटांची उधळण. विटांना जाळीची पेटी लागते. गोण्या आणि खोक्यांसाठी चापट पट्ट्याचं स्लिंग वापरा. नायलॉनच्या कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलेला माल मी खालूनच परत पाठवतो. विंचचा दोर मालाभोवती गुंडाळून त्याच दोरात हुक अडकवायचा प्रकार तर अजिबात नको, दोर तिथे कायमचा मोडतो.

दोन पायांचं स्लिंग, म्हणजे हुकापासून दोन पट्टे मालाला जाणारं, असेल तर हुकापाशी दोन पायांमधला कोन ९० अंशांच्या आत ठेवा. कोन १२० अंशांवर गेला की दोन पाय असूनही प्रत्येकावर पूर्ण माल येतो.

माल हुकाच्या बरोबर खाली यायला हवा. तिरका ओढला तर दोर ड्रमच्या एका कडेला चढतो, थरांत घुसतो आणि वर गेल्यावर एकदम सुटतो. टेम्पो लांब लागला असेल तर माल हाताने हुकाखाली आणा.

माल हाताळायला माणसं किमान तीन: वर रिमोटवाला, वर माल आत घेणारा, खाली भरणारा. इशारा एकच माणूस देणार, 'थांब' मात्र कुणीही ओरडलं तरी बटण सुटलं पाहिजे. कोणते शब्द वापरायचे ते आधी ठरवा. गोदीतले जुने खलाशी 'हबेस' म्हणाले की माल वर आणि 'आर्या' म्हणाले की खाली. रस्त्याच्या गोंगाटातही हे दोन शब्द वेगळे ऐकू येतात. तुमच्या टोळीत मराठी, भोजपुरी, बंगाली बोलणारे एकत्र असतील तर हाताच्या खुणा बऱ्या: तर्जनी वर फिरवली की चढव, खाली फिरवली की उतरव, पंजा उघडा करून आडवा हलवला की थांब.

खाली दोरी बांधून जागा अडवा आणि आणखी एक माणूस फक्त लोकांना वळवायला ठेवा. गल्लीतली मुलं आणि मोबाइलमध्ये बघत चालणारे दोरी ओलांडून येतात, म्हणून माल हवेत असताना त्या माणसाने चहा प्यायला जायचं नाही. शाळा सुटायच्या वेळी काम बंद ठेवलेलं बरं.

वर माल आत घेणाऱ्याला सगळ्यात जास्त धोका असतो. त्याला फुल बॉडी हार्नेस (अंगभर बांधायचा सुरक्षापट्टा) हवा, आणि हार्नेसची दोरी विंचच्या पाइपला नाही, वेगळ्या पक्क्या जागी बांधलेली हवी. पाइप पडला तर माणूस त्याच्यासोबत जाऊ नये. हात लांब करून माल धरायचा नाही, टोकाला आकडा असलेली काठी वापरायची. किंवा मालाला एक हलकी दोरी आधीच बांधून ती वर ओढून घ्यायची. फिरता हात आत वळवूनच माल गच्चीवर टेकवायचा.

बटण दाबून सोडून दाबून सोडून माल चढवू नका. 'वर'वरून थेट 'खाली'ही करू नका, मोटर पूर्ण थांबू द्या. वारा जोराचा असेल, माल भिंतीला आदळत असेल, तर काम बंद. मान्सूनच्या आधीच्या वळवाच्या सरीत वारा कसा एकदम फिरतो ते मुंबईकराला ठाऊक आहे.

वीज गेली आणि माल मध्येच अडकला

आपल्याकडे वीज फारशी जात नाही, म्हणूनच ती जाते तेव्हा कुणाची तयारी नसते. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी अख्खी मुंबई तासन्‌तास बंद पडली होती. अशा वेळी ब्रेक माल धरून ठेवतो. रिमोटवर वेगळं लाल आणीबाणी बटण असेल तर ते दाबा आणि प्लग काढा, म्हणजे वीज आल्यावर काही आपोआप हलणार नाही. खालची दोरी तशीच ठेवून माणूस उभा करा. घाई करून मोटरचं झाकण उघडायचं नाही, ब्रेक स्क्रूड्रायव्हरने सैल करायचा नाही. वीज लवकर येणार नसेल तर शेजारी वेगळा आधार घेऊन चेन-कप्पी लावा आणि माल तिच्यावर घेऊन उतरवा.

वीज असूनही मोटर नुसती गुरगुरत असेल तर पहिला संशय व्होल्टेजवर, दुसरा कपॅसिटरवर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा वीज साठवणारा भाग). कपॅसिटर फुगलेला दिसतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, म्हणून तो बदलायचं काम इलेक्ट्रिशियनचं.

देखभाल

सगळ्यात आधी दोर. तो तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे त्याची झीज डोळ्यांना दिसत नाही. नवा असताना व्हर्निअरने जाडी मोजून वहीत लिहा. जाडी दहा टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे चार मिलिमीटरचा दोर ३.६ वर आला, की बदला. दर आठवड्याला वीज बंद करून, जाड चामडी हातमोजे घालून, दोरावरून जुनं फडकं फिरवा. तुटलेली तार फडक्यात अडकते. दोराचा एक पेड एक पूर्ण वेढा घेतो तेवढ्या लांबीत सहा तारा तुटलेल्या, किंवा एकाच पेडात तीन, असं दिसलं की दोराचं आयुष्य संपलं. मुरड पडलेली, पिंजऱ्यासारखा फुगलेला भाग, वेल्डिंगच्या ठिणगीने काळा पडलेला भाग, यातलं काहीही दिसलं तर तारा मोजत बसू नका. दोर जोडून, गाठ मारून वापरत नाहीत.

समुद्राच्या हवेत दोर आतून गंजतो. वरून लाल भुकटी दिसायला लागते तेव्हा आतलं काम बरंच झालेलं असतं. महिन्यातून एकदा तारेच्या ब्रशने धूळ-सिमेंट काढा आणि वायर रोपचं पातळ तेल लावा. घट्ट ग्रीस थापू नका, त्यात रेती चिकटते आणि तीच दोर घासते.

नवा दोर नागदेवी स्ट्रीटवर घ्या, त्याच जाडीचा आणि त्याच विणीचा, टेस्ट सर्टिफिकेट मागून. टोकाला क्लॅम्प लावायची वेळ आली तर आत थिंबल (फासा चेपू नये म्हणून आत बसवायची धातूची कडी) हवी आणि क्लॅम्प निदान तीन. क्लॅम्पचा खाचांचा भाग भार घेणाऱ्या लांब बाजूवर बसवायचा, वाकडा यू-बोल्ट छोट्या शेपटीवर. उलटं लावलं तर यू-बोल्ट भाराच्या दोरालाच चिरडतो. पहिला माल उचलून झाला की नट पुन्हा आवळा. नवा दोर गुंडाळताना थोडं वजन लावून, घट्ट थरांत गुंडाळायचा.

हुकाच्या तोंडाचं मापही वहीत ठेवा. ते पाच टक्क्यांनी वाढलं किंवा हुक पिळवटलेला दिसला तर नवा घ्या. हुक तापवून सरळ करणारे लोहार भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नका. गिअरबॉक्समधून तेल गळतंय का, बोल्ट सैल झालेत का, हे दर आठवड्याला. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्याच्या कलम २९ ने उचलायच्या साधनांची वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी घालून दिली होती. आपली विंच गच्चीवर असली तरी तेवढं करून घ्यावं, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा वापरायच्या आधी करावं.

काम चालू असताना यंत्रावर प्लास्टिक गुंडाळू नका, मोटरला हवा लागते. काम संपल्यावर मात्र गच्चीवर सोडायची नाही. जूनच्या पहिल्या पावसाआधी उतरवा, कोरडी पुसा, दोराला तेल लावा आणि जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवा.

दारूखान्याच्या भंगार बाजारात किंवा चोर बाजारात जुनी विंच स्वस्त मिळते. पाटी नसेल तर तिची ताकद कुणालाच माहीत नाही, उचलायच्या कामाला ती घ्यायची नाही. आणि तुम्ही काढलेला जुना दोर भंगारवाल्याला देण्याआधी कटरने हातभर लांबीचे तुकडे करा, नाहीतर तो आठवड्याभरात दुसऱ्या कुणाच्या तरी कप्पीवर चढलेला असतो.